उपवासाला चालणारं चॉकलेट

मागच्या आठवड्यात नातवाने माझ्यासमोर टेबलावर चॉकलेटची एक कांडी ठेवली आणि म्हणाला, "आजी, आता ही तुला चालेल. हिरवा ठिपका आहे, बघ. अंडं नाही हिच्यात."

'चालेल' हा शब्द कानावर पडला आणि माझ्या तोंडाला पाणी सुटलं. चांगलं नव्हे, ओकारीच्या आधी सुटतं ते. तोच तपकिरी कागद, तोच चुरचुर आवाज. माणसं गेली, गावांची शहरं झाली, आणि हे मेलं जसंच्या तसं विकलं जातंय.

नातवाला अशा फालतू गोष्टींची माहिती फार. तो सांगत सुटला. ही कांडी अमेरिकेत निघाली त्याला नव्वदच्या वर वर्षं झाली, आणि मालकाने तिला आपल्या लाडक्या घोड्याचं नाव दिलं. हिची एक थोरली बहीण आहे, ती कुठल्याशा दुधाच्या पेयाची चव डोळ्यांसमोर ठेवून केलेली. एक धाकटी आहे, तिच्या पुडीत पूर्वी तीन चवींचे तीन तुकडे असायचे, मग लढाईत साखर महागली तेव्हा एकच चव उरली. आणखी एक आहे ती खोबऱ्याची. सगळ्या अजून दुकानात मिळतात. घराण्याची वंशावळ सांगावी तसं सांगत होता. साखरेच्या वड्यांनाही इतिहास असतो, आणि तो लोक पाठ करतात. मी मनात हिशेब केला. ज्या सुमारास तिकडे कोणी घोड्याच्या नावाने ही कांडी विकायला काढली, त्याच सुमारास इकडे कऱ्हाडकडे माझ्या सासूबाई लग्न होऊन सासरी आल्या असतील. दोघींची गाठ पडायची होती तारापूरला.

साठच्या दशकात तारापूरला अणुवीज केंद्राचं बांधकाम चालू होतं. माझे यजमान तिथे नकाशे काढायच्या खात्यात होते. आम्ही कॉलनीतल्या दोन खोल्यांत राहायचो. मी, ते आणि सासूबाई. कॉलनी म्हणजे साऱ्या महाराष्ट्राची खिचडी. कोणी वऱ्हाडातलं, कोणी खानदेशातलं, कोणी रत्नागिरीकडचं. बाजाराला बोईसर, दुखण्याखुपण्याला पालघर, आणि संध्याकाळी वारा फिरला की समुद्रावरून वाळत्या बोंबलांचा वास. आमचं घर शाकाहारी. पहिले काही महिने मी नाकाला पदर लावूनच स्वयंपाक केला. पुढे बोंबलांची सवय झाली. त्या चॉकलेटची मात्र कधी झाली नाही.

अशा खिचडीत सगळ्यात मोठं भांडण व्हायचं ते उपवासाचं. एकीकडे कोथिंबीर चालते, दुसरीकडे नाही. कोणाला जिरं चालतं, कोणाला भेंडी चालते, कोणी शेंगदाण्याच्या तेलाला नाक मुरडतं. नळावर बायका यावरून हमरीतुमरीवर यायच्या. शेवटी सगळ्या माझ्या सासूबाईंकडे यायच्या. सासूबाई कमी बोलायच्या. पदार्थ हातात घ्यायच्या, वास घ्यायच्या, "चालतं" किंवा "नाही चालत" म्हणायच्या, आणि तो विषय संपायचा. इतक्या घरांनी त्यांचा शब्द मानला की कोणी नवीन बाई राहायला आली की तिला पहिल्यांदा पाण्याची वेळ सांगत आणि मग आमचं दार दाखवत.

केंद्र बांधायला परदेशी इंजिनिअर आले होते. त्यांची वेगळी वसाहत होती, पंखे, शीतपेट्या आणि गवताच्या हिरवळी असलेली. त्यांचं खाणं बोटीने यायचं म्हणे, बंद डब्यांतून. त्यांच्यातल्या एका मडमेकडे जवळच्या किनाऱ्यावरच्या नवापूरची एक कोळीण धुण्याभांड्याला जायची. तीच बाई पुढे आमच्याकडेही भांडी घासायला येऊ लागली. मडम तिला मूठमूठ चॉकलेटं द्यायची. ती पदरात बांधून आणायची आणि आमच्या ओट्यावर ओतायची.

"माजी पोरं खात नाय, बाय," ती म्हणायची. "दाताला चिकाटते. तुमी ठेवा, मला लोणच्याची फोड द्या."

पदरातून सुटलेली ती चॉकलेटं कशी दिसायची, ते मी सांगितलं नाही तर बरं. पण सांगतेच. उन्हात वितळून कागदातून बाहेर आलेली, तान्ह्या मुलाच्या लंगोटात दिसावं तशी. त्याला कोळणीच्या पदराचा मासळीचा वास. मला ते बघवत नसे. सासूबाईंनी मात्र एक कांडी माठाशेजारी गार करत ठेवली, आणि ती घट्ट झाल्यावर विळीवर तिचे काप केले. कापात तीन थर दिसले. त्यांनी नखाने शेंगदाणा काढला. "चालतो." चिकट तपकिरी थर बोटावर ताणून पाहिला. "आटवलेली साखर. चालते." वरचं काळं चाटून म्हणाल्या, "कॉफीच्या जातीचं आहे. कॉफी चालते." राहिला आतला पांढरा, भुसभुशीत थर. तो त्यांनी दोन बोटांत दाबला, वास घेतला, पुन्हा दाबला.

"दुधाचा फेस आटवून केलेला दिसतो. पेढ्याच्या घरातलाच."

यजमान हसत म्हणाले, "बटाटा परदेशी, मिरची परदेशी, शेंगदाणा परदेशी. सगळे उपवासाला चालतात, मग या पाहुण्यालाच का अडवायचं?"

झालं. 'काकूंनी सांगितलंय, चालतं' ही बातमी कॉलनीभर गेली. त्या दिवसापासून कोळणीच्या पदराला काय भाव आला. एकादशी असो की चतुर्थी, साबुदाण्याच्या खिचडीशेजारी बशीत चॉकलेटचे दोन काप. शेजारच्या वहिनींनी तर एक पत्र्याचा डबाच भरून ठेवला होता. आठवड्यात त्यांचे उपवास वाढले. मला त्या बायकांचे चिकट ओठ आणि तर्जनीने दातात अडकलेलं काढणं बघून शिसारी यायची. देवाच्या नावाने इतकी हावरी तोंडं मी पुन्हा पाहिली नाहीत.

सासूबाई हावऱ्या नव्हत्या. त्यांचा सोमवार माझ्यासाठी होता. आदल्या वर्षी माझं पहिलं बाळ जन्मतःच गेलं होतं. पुन्हा दिवस राहिले, त्याच दिवशी त्यांनी शंकरासमोर हातावर पाणी सोडून संकल्प केला. बाळ सुखरूप हातात येईपर्यंत दर सोमवारी कडक उपवास, संध्याकाळीही अन्न नाही. साबुदाणा त्यांना पचत नसे, दात पडल्यामुळे दाणे चावत नसत. दुधाबरोबर दाणे काढून टाकलेले चॉकलेटचे दोन काप, एवढ्यावर त्यांचा सोमवार जायचा. "परदेशातल्या वडीने माझा सोमवार सोपा केला," असं त्या म्हणायच्या, आणि मला त्या वडीची किळस येत असूनही मी गप्प बसायचे. माझ्या पोटासाठी चालू होतं सगळं, मी काय बोलणार?

मला सातवा लागला होता, तेव्हा कोळणीने मडमेला सांगितलं की कॉलनीतल्या बायकांना तिचं चॉकलेट फार आवडतं, देवाच्या दिवशी खातात. मडम भली होती. तिला इतका आनंद झाला की तिने आम्हा सगळ्यांना घरी बोलावलं. चॉकलेटमधला पांढरा भाग घरी कसा करायचा, ते ती करून दाखवणार होती.

आम्ही दहा-बारा जणी गेलो. सासूबाई वयाने मोठ्या, म्हणून मडमेने त्यांना अगदी ओट्यासमोर खुर्ची दिली. खोली बंद, डोक्यावर पंखा, खाली चकचकीत फरशी. बायका शीतपेटीकडे डोळे फाडून बघत होत्या. मडमेने ती उघडली आणि आतून अंडी काढली.

मला वाटलं, तिच्या जेवणाची असतील, बाजूला ठेवील. तिने एक अंडं भांड्याच्या काठावर आपटलं. कवचाच्या दोन वाट्या केल्या, पिवळा गोळा या वाटीतून त्या वाटीत खेळवला, आणि खाली भांड्यात ते बुळबुळीत, शेंबडासारखं पाणी लोंबत लोंबत पडलं. मग दुसरं. मग तिसरं. बंद खोलीत तो कच्चा, ओला वास माझ्या घशाशी आला. मडमेने विजेचं यंत्र लावलं. गरगर आवाजात ते शेंबडाचं पाणी फुगलं, पांढरं झालं, भांड्याच्या वर आलं. त्यात तिने उकळता पाक सोडला, वाटलेले दाणे घातले आणि चमचाभर घट्ट लगदा काढून आमच्यापुढे धरला. पांढरा, भुसभुशीत.

सासूबाईंनी शेजारी पडलेली कागदातली कांडी उचलली, आधी तिच्याकडे बोट केलं, मग लगद्याकडे.

"हेच?"

मडम हसून मान डोलावत म्हणाली, "येस, येस, सेम."

सासूबाईंनी कांडी होती तिथे ठेवली, मडमेला नमस्कार केला आणि बाहेर पडल्या. मी त्यांच्यामागे गेले. हिरवळीच्या कडेला बसून मी पोट रिकामं होईपर्यंत ओकले. त्या माझी पाठ चोळत होत्या, पण त्यांचा हात गार पडला होता.

पुढे जे झालं त्याची किळस मला अंड्यापेक्षा जास्त आहे. परतीच्या वाटेवरच शेजारच्या वहिनी म्हणाल्या, "मी तर बाई कधी तोंडातसुद्धा घातलं नाही. मला आधीच शंका होती." पत्र्याचा डबा भरून ठेवणारी ही बाई. दुसरी म्हणाली, "काकूंनीच सांगितलं चालतं म्हणून. आपल्याला काय माहीत?" संध्याकाळपर्यंत एकाही घरात कोणी ते चॉकलेट खाल्लेलं नव्हतं. साऱ्या कॉलनीत ते फक्त माझ्या सासूबाईंनी खाल्लं होतं, दर सोमवारी, शंकराच्या नावाने. नळावर कोणीतरी हळू आवाजात म्हणालं, पण मला ऐकू जाईल इतपतच हळू, "आता सुनेचं काय होतंय ते बघायचं."

दुसऱ्या दिवशी कोळीण भांडी घासायला आली. तिला सगळं कळलं होतं. ती राख चोळत म्हणाली, "अंडा हाय तर काय झाला? आमी जन्मभर मावरा खाल्ला, आमचा देव काय पळाला नाय." सासूबाई तिने घासलेली भांडी विसळत राहिल्या. तिचा देव वेगळा आणि त्यांचा वेगळा, असंच त्यांना वाटत असावं.

यजमानांनी खूप समजावलं. म्हणाले, "आई, तू जाणूनबुजून थोडंच खाल्लंस? अजाणता झालं."

"अजाणता विष खाल्लं तर माणूस मरत नाही का?" त्या म्हणाल्या.

त्यांचा हिशेब सरळ होता. माझ्या बाळासाठी धरलेले सगळे सोमवार त्यांनी स्वतःच्या तोंडाने बाटवले. आता बाळंतपणाला दिवस थोडे राहिले होते, नव्याने पुण्य जोडायला वेळ नव्हता. मग त्यांनी सोमवार निर्जळी केला. एरवीच्या दिवशीही भांडंभर दुधापलीकडे काही घेईनात. उन्हाळा तोंडावर, खाऱ्या हवेने अंग चिकट झालेलं, पत्र्याखालच्या खोल्या भट्टीसारख्या तापलेल्या. त्यांच्या बांगड्या कोपरापर्यंत मागे जाऊ लागल्या. डोळे खोल गेले. शेजारच्या वहिनी रोज कसलं तरी निमित्त काढून यायच्या, आधी सासूबाईंकडे बघायच्या, मग माझ्या पोटाकडे, आणि विचारायच्या, "हलतंय ना गं?" त्यांच्या डोळ्यांत काळजी नव्हती. जत्रेतल्या पाळण्याकडे माणसं बघतात, तसं त्या बघत होत्या. मला त्यांच्या तोंडावर दार लावावंसं वाटायचं. एकदा लावलंही.

आणि खरं सांगायचं तर मला भीतीही वाटत होती. देवाची नव्हे. एक बाळ मी गमावलं होतं. आता दुसऱ्या बाळापायी ही म्हातारी माझ्यासमोर वाळून मरणार, आणि मग या घरात जन्माला येणाऱ्या मुलाला आयुष्यभर लोक तेच ऐकवणार, याची भीती.

अशाच एका सोमवारी दुपारी मोरीपाशी बादली उचलताना सासूबाई कोसळल्या. मी अवघडलेली, त्यांना उचलता येईना. कशीबशी भिंतीला टेकून बसवलं. ओठ सुकून पांढरे पडले होते. मी तांब्या पुढे केला. त्यांनी तोंड फिरवलं.

"आई, एक घोट."

"नाही."

"तुम्ही गेलात तर बाळंतपण कोण करणार माझं?"

"मी प्याले आणि तुझं काही झालं तर?"

तेव्हा माझ्या डोक्यात काय शिरलं कोणास ठाऊक. जाळीच्या कपाटात, अगदी मागे, एक कांडी तशीच पडली होती. फेकायलाही त्यांनी तिला हात लावला नव्हता. मी ती काढली, कागद फाडला. उन्हाने वितळून आणि पुन्हा घट्ट होऊन ती पांढुरकी पडली होती, कडेला मुंग्या लागलेल्या. मी मुंग्या फुंकल्या आणि त्यांच्यासमोर जमिनीवर बसून एक मोठा घास तोडला.

आयुष्यात मी जाणूनबुजून खाल्लेलं ते पहिलं आणि शेवटचं अंडं. काय चव होती ती. आधी घसा धरणारी गोडी, मग टाळूला चिकटणारा चिखल, आणि त्या चिखलात मला सारखं ते लोंबणारं पाणी दिसत होतं. जबडा हलेना. डोळ्यांतून पाणी यायला लागलं.

सासूबाईंचे डोळे मोठे झाले. "थूक," त्या म्हणाल्या. "थूक आधी. सोमवार आहे."

मी तोंड भरलेलं असतानाच म्हणाले, "तुम्ही पाणी प्याल तेव्हा थुंकीन. नाहीतर सगळी खाते. पाप लागायचं तर तिघांना लागू दे."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या पोटाकडे. ज्या बाईला धड बसता येत नव्हतं, तिने झडप घालून माझ्या हातातली उरलेली कांडी ओढून घेतली. मला वाटलं, मोरीत फेकणार. त्यांनी ती अख्खी आपल्या तोंडात कोंबली.

दात नसलेल्या तोंडाने त्या ती चघळत होत्या. चेहरा असा झाला होता की मला बघवेना. दोनदा त्यांना उमळून आलं, दोन्ही वेळा त्यांनी तळहाताने तोंड दाबून धरलं आणि गिळलं. तपकिरी लाळ हनुवटीवर आली, ती पदराने पुसली. सगळं पोटात गेल्यावर त्या म्हणाल्या, "तुझं ते थुंकून टाक. तू काही खाल्लेलं नाहीस. मी खाल्लं. सोमवारी, कळून-सवरून, ओढून घेऊन खाल्लं. आता जे काय यायचं ते माझ्यावर येईल, तुमच्या दोघांवर नाही."

मग त्यांनी तांब्या उचलला आणि गटागटा पाणी प्याल्या. मी मोरीत वाकून थुंकत होते, ओकत होते, आणि त्या एका हाताने माझं कपाळ धरून बसल्या होत्या. संध्याकाळी त्यांनी स्वतः भात लावला आणि आम्ही दोघी जेवलो.

पाऊस लागायच्या आत पालघरला मुलगा झाला. धडधाकट, आवाज तर असा की दवाखान्यातली आया कानावर हात ठेवायची. बारशाला शेजारच्या वहिनी सगळ्यांच्या आधी आल्या आणि घुगऱ्या सगळ्यांपेक्षा जास्त खाऊन गेल्या. मी त्यांची ओटी भरली. हात धुवून घ्यावेसे वाटले.

सासूबाईंनी त्यानंतर कोणाला काही चालतं की नाही ते सांगितलं नाही. नवी बिऱ्हाडं यायची, बायका दारात येऊन विचारायच्या, "काकू, वरीला जिरं चालतं का हो?" त्या म्हणायच्या, "मला नाही ठाऊक, बाई." सोमवारही त्यांनी पुन्हा धरला नाही. ज्या तोंडाने ते खाल्लं त्या तोंडाने देवाकडे काय मागणार, एवढंच एकदा म्हणाल्या.

पण त्या वाट बघत राहिल्या. हे मला फार उशिरा कळलं. मोतीबिंदू झाला तेव्हा त्या हसल्या. पाय मोडला तेव्हा मुलाला जवळ बोलावून त्याचे दोन्ही पाय चाचपून पाहिले आणि निवांत झोपल्या. शेवटच्या दुखण्यात अन्न गिळता येईना, पाणीही चमच्याने द्यावं लागे. डॉक्टर बाहेर गेल्यावर त्यांनी मला खूण करून जवळ बोलावलं.

"माझ्यावर आलं बघ," त्या म्हणाल्या. आवाजात इतकं समाधान होतं की मला तिथून उठून जावंसं वाटलं. "पोरावर नाही आलं."

नातवाने ठेवलेली कांडी टेबलावर तशीच होती. माझा मुलगा, आता साठीला टेकलेला, चष्मा कपाळावर सरकवून आला, ती उचलली, अर्धी मोडून तोंडात टाकली आणि म्हणाला, "मस्त आहे, आई. घेऊन तर बघ."

तो चघळत होता. मी उठून त्याच्यासाठी पाण्याचा तांब्या आणला आणि तो पाणी पिईपर्यंत तिथेच उभी राहिले.